एकटे असताना वाजवा

१

रोज सकाळी दवाखान्याचं कुलूप काढलं की कानवाला आधी बायकोचा आवाज ऐकायचा.

यात प्रेमाचा भाग कमी आणि कामाचा जास्त होता. दवाखाना म्हणजे तरी काय, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, तपासणीचं यंत्र आणि कानात बसवायच्या मशिनांचं कपाट. आतल्या खोलीत भिंतींना जाड फोम लावलेली, काचेची खिडकी असलेली एक पेटी, एक माणूस खुर्चीवर बसेल एवढी. पेशंटनं आत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीकसा सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मग शब्दांची तपासणी. रेकॉर्ड केलेल्या आवाजात एकेक शब्द येणार, हळूहळू बारीक होत जाणार, आणि ऐकू येईल तो शब्द पेशंटनं म्हणून दाखवायचा. पाणी. खिडकी. चप्पल. मावशी.

हा आवाज त्याच्या बायकोचा होता. बाहेरून मागवलेली रेकॉर्डिंगं त्याला पसंत पडली नव्हती. बातम्या सांगितल्यासारखे शब्द म्हणणारी ती माणसं ऐकून धडधाकट पेशंटलाही ताण यायचा. मग एका दुपारी त्यानं बायकोलाच पेटीत बसवलं. सुरुवातीला तिनं फक्त "ऐका" म्हणायचं होतं. काचेपलीकडून यानं उगाचच तोंड गंभीर करून बोट वर केलं आणि तिला हसू फुटलं. नाकातून निघून घशात अडखळणारं, दाबायला जावं तितकं वर येणारं तिचं ते हसू. पुसून टाकू, पुसून टाकू म्हणता म्हणता ते तसंच राहिलं. पेशंटांनाही आवडायचं. घाबरून आत बसलेली माणसं ते ऐकून सैल व्हायची.

तर यंत्र नीट चालतंय ना, हे बघायला तो रोज स्वतः हेडफोन लावून बसायचा. आधी हसू, मग "ऐका", मग पाणी, खिडकी. त्या त्या वेळी मीटरवरचा काटा उजवीकडे झुकायचा. काटा आणि कान यांचं जमलं की दिवस सुरू.

कानवाला हे नाव त्याला गल्लीतल्यांनी दिलेलं आणि त्यानंही ते मुकाट्यानं स्वीकारलेलं. स्वभावानं तो यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस. पेशंटांची तक्रार ठरलेली असायची, की मला छान ऐकू येतं हो, हल्ली लोकच पुटपुटतात. रात्री जेवताना तो त्यांची नक्कल करून दाखवायचा. "ऐकणं गेलेल्याला कधी कळतच नाही," तो म्हणायचा. "त्याला वाटतं, जगच हळू बोलायला लागलंय." बायको पोट धरून हसायची.

२

गिटार घे म्हणून बायकोच मागे लागली होती. लग्नाआधी तो कॉलेजच्या मित्रांच्या बँडमध्ये वाजवायचा. पुढे दवाखाना आला आणि ते सगळं माळ्यावर गेलं. "ऐक ना," ती म्हणाली होती. तिचं प्रत्येक वाक्य इथूनच सुरू व्हायचं. "दिवसभर दुसऱ्यांच्या कानात डोकावतोस. स्वतःच्या कानात पण काहीतरी चांगलं जाऊ दे की."

जाहिरात बघून तो गेला ते घर तळमजल्यावरचं, स्वच्छ, पडदे अर्धे ओढलेलं. दार एका बाईनं उघडलं. पन्नाशीची असावी. तिचे ओठ हलले, पण काय म्हणाली ते कळलं नाही. मागून तिचा नवरा आला. "या, या. गिटारसाठी ना?"

घरात भारी शांतता होती. त्याला ती आवडली. बाईनं पाण्याचा ग्लास काचेच्या टेबलावर ठेवला, तोही इतका अलगद की टेकल्याचं कळलंच नाही. हात किती हलका आहे हिचा, असं त्याच्या मनात आलं. आणि मग ती पुन्हा काही बोलायला गेली, ओठ हलले, आवाज नाही. हे कानवाल्याच्या रोजच्या ओळखीचं होतं. जन्मापासून ऐकू येत नसेल तर बोलणं तरी कुठून येणार? त्यानं खिशातून कार्ड काढून तिच्यापुढे धरलं, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "एकदा, दवाखान्यात, या. तपासून, घेऊ." तिनं कार्ड घेतलं आणि नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

गिटार दिसायला अगदीच साधी होती. तपकिरी, कडांचा रंग उडालेला, कंपनीचं नाव कुणीतरी खरवडून काढलेलं. त्यानं ती मांडीवर घेतली, वायर अॅम्प्लिफायरला जोडली, आणि पहिलाच सूर काढला तेव्हा त्याच्या मानेवर काटा उभा राहिला. गिटारचा दांडा तळव्यात असा बसला की जणू हाताचं माप घेऊन केला होता. तारा दाबाव्याच लागत नव्हत्या. आणि सूर नुसता वाजत नव्हता, उमलत होता. वरच्या सुरांच्या आत काहीतरी ओलसर, गळ्यातून आल्यासारखं होतं. आजवर इतक्या गिटारी हाताळल्या, पण प्रत्येकीशी थोडीफार झटापट करावी लागली होती. हिच्याशी काही करावंच लागत नव्हतं.

बाई खाली जमिनीवर येऊन बसली होती, अॅम्प्लिफायरच्या अगदी जवळ, डोळे मिटून. कंपनं जाणवत असतील बिचारीला, असं त्याला वाटलं.

व्यवहार पटकन उरकला. माणूस घासाघीस करायच्या मनःस्थितीतच नव्हता. गिटार केसमध्ये घालताना त्यानं विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"बायको. आणि वडील."

माणूस जरा वेळ केसच्या कडीशी चाळा करत राहिला. "मग एकटे असताना वाजवत जा," तो म्हणाला.

शेजारपाजारचा त्रास झाला असणार यांना, असा कानवाल्यानं त्याचा अर्थ लावला. "आवाज कमीच ठेवीन," तो हसून म्हणाला. दारापर्यंत बाई आली होती. तिनं केसवर हात ठेवला आणि तो काढायला तिला बराच वेळ लागला.

३

ते पहिले दिवस सुखाचे होते, हे सांगायलाच हवं. दवाखान्यातून घरी आला की हातपाय धुवायच्या आधी तो गिटार काढायचा. बोटांना विसरलेलं सगळं आठवत होतं, शिवाय जे कधीच येत नव्हतं तेही यायला लागलं होतं. बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. दिवसभर "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक" करून घसा बसलेला असला तरी ती समोर येऊन बसायची. आतल्या खोलीत जाऊन एकट्यानं वाजवायची गोष्ट निघाली तेव्हा तिनं ती उडवूनच लावली. "घरात एवढं सुंदर काही वाजतंय आणि आम्ही भिंतीला कान लावायचे? इथेच बस."

अण्णाही खूश होते. अण्णा म्हणजे त्याचे वडील. मुलगा गावभर ऐकायची मशिनं बसवतो आणि बाप घरात बहिरा, यात त्यांना कमालीचा आनंद वाटायचा. मशीन लावायला साफ नकार. "अर्धं ऐकू येतं तेच फार आहे," म्हणायचे. पण गिटार सुरू झाली की ते खुर्ची पुढे ओढायचे. "हे बरं ऐकू येतं रे मला. स्वच्छ."

कानवाल्यानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. इलेक्ट्रिक गिटारचे सूर, मधल्या पट्टीतले, वाढवलेले. अण्णांचा कान तिथे अजून शाबूत असेल. तपासलं असतं तर कळलं असतं, पण अण्णांना तपासायचं कुणी?

एका संध्याकाळी बायको कपड्यांचं कपाट लावत होती. "बरं केलंस तेल घातलंस ते," ती म्हणाली.

"कशाला?"

"कपाटाला. किती वर्षं किरकिरत होतं."

"मी नाही घातलं. मला वाटलं तूच घातलंस."

दोघंही अण्णांकडे बघायला लागले, पण अण्णा तेलाचा डबा हातात घेतील ही शक्यता कमी होती. कपाटाचं दार पुन्हा उघडून बघितलं. हवेत उघडल्यासारखं, गुपचूप. उन्हाळ्यात लाकूड आटलं असेल, असं त्यानं ठरवलं.

मग तो वाजवायला बसला. चौथ्या तारेवरचा एक लांब सूर धरला आणि सोडला, तर त्या सुराच्या शेवटी काहीतरी बारीक कुरकुरत गेलं. छान वाटलं ते. सुराला धार आली होती. त्यानं तोच सूर पुन्हा घेतला.

अण्णा खुर्चीत अर्धवट वळले. "अरे, ते कपाट कशाला उघडताय सारखं?"

कपाटापाशी कुणीच नव्हतं. बायको स्वयंपाकघरातून डोकावली आणि हसली. तिचं हसू तेव्हा नीट ऐकू आलं होतं, हे त्याला पुढे फार वेळा आठवलं.

४

अण्णांचा खोकला जुना होता. पहाटेपासून सुरू व्हायचा, खोल, भरलेला, दोन खोल्या पलीकडे ऐकू जाणारा. शेजारी त्यावर घड्याळं लावायचे, असं बायको म्हणायची. तो खोकला थांबला. नवीन औषध लागू पडलं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. बायकोनं औषधवाल्याचे आभार मानले, त्यानंही ते घेतले.

सुटीच्या दिवशी दुपारी कानवाला पाणी प्यायला उठला. अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत पाठमोरे बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. झटक्यानं वर जायचे, खाली यायचे, पुन्हा वर. आधी त्याला वाटलं, रडतायत. पुढे जाऊन बघितलं तर अण्णांनी तोंडावर रुमाल धरला होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, चेहरा लाल झाला होता. ते खोकत होते. जीव खाऊन खोकत होते. खोलीत पंख्याचा आवाज येत होता, बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, तेही येत होतं.

खोकल्याची उबळ संपली. अण्णांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. "काय रे? असा काय उभा राहिलास?"

बोलणं होतं. अण्णांचा आवाज जसाच्या तसा होता.

"खोकला येतोय अजून?"

"येतोय की. तुमचं औषध कसलं, साखरेचं पाणी."

दुसऱ्या दिवशी पेशंट यायच्या आधी तो स्वतःच पेटीत शिरला. बाहेरचं यंत्र चालवायला कुणी नव्हतं म्हणून सूर आपोआप येतील असं लावून घेतलं. फोमच्या त्या खोलीत स्वतःचं रक्तसुद्धा ऐकू येतं. तो बटण दाबत गेला. बाहेर येऊन आलेख बघितला तर तो कुठल्याही शाळकरी पोराला शोभला असता. कानात काही खोट नव्हती. त्याला हायसं वाटलं आणि लगेच कळेना की हायसं का वाटावं. खोट कानात असती तर ते किती सोपं झालं असतं.

संध्याकाळी त्यानं सगळ्यात जाड तार हाताच्या कडेनं दाबून छेडली. भरलेला, खोल, फुटका ठोका. आजवर कुठल्याच गिटारमधून असा ठोका आला नव्हता. वाजवणाऱ्याला त्यातून सुखच झालं असतं. त्याला झालंही, आणि त्याची त्याला लाज वाटली. स्वयंपाकघरात बायको त्या ठोक्यावर ताल धरून काहीतरी गुणगुणत होती.

५

"आज बाई हसल्या नाहीत," आजी म्हणाल्या.

या आजी दर काही महिन्यांनी मशीन तपासायला यायच्या. येताना भरतकाम घेऊन यायच्या, त्यांना घाई कधीच नसायची. पेटीच्या दारातून बाहेर येत त्यांनी हेडफोन त्याच्या हातात दिले. "मला ते फार आवडतं बघा. मशीनच बिघडलंय का माझं?"

"बघतो."

त्या सकाळी त्यानं नेहमीची तपासणी केली नव्हती. गेले काही दिवस ती टाळत होता, आणि का टाळतोय हे स्वतःला विचारतही नव्हता. आजींना बाहेर बसवून त्यानं हेडफोन लावले, रेकॉर्डिंग पहिल्यापासून सुरू केलं आणि मीटरकडे बघत राहिला.

काटा हलला. थरथरला, वर चढला, अडखळला, पुन्हा वर चढला. नाकातून, घशातून, दाबून, पुन्हा वर. त्या काट्याची ती चाल त्याला पाठ होती. कानात काही आलं नाही. मग काटा शून्यावर आला आणि त्याच्या बायकोचा आवाज स्वच्छ म्हणाला, "ऐका." पाणी. खिडकी. चप्पल.

त्यानं आवाज वाढवून पुन्हा लावलं. मग शेवटपर्यंत वाढवून. काटा उजव्या टोकाला जाऊन आपटत होता. इतक्या आवाजाला कान दुखायला हवे होते.

आजींना काहीतरी सांगून त्यानं वाटेला लावलं आणि बायकोला फोन केला. ती गाडीत शिकाऊ माणसाची वाट बघत बसली होती. मागे इंडिकेटरची टिकटिक येत होती.

"काय रे, या वेळी?"

"काही नाही. तो तुझा विजेच्या खांबाला सॉरी म्हणणारा आठवला."

हा तिच्याच एका शिकाऊ माणसाचा किस्सा. गाडी मागे घेताना खांबाला टेकली आणि तो गृहस्थ खाली उतरून खांबाला सॉरी म्हणाला. कितव्यांदा निघाला तरी ती यावर हसायचीच. त्यानं सगळा किस्सा सांगितला, नकलेसकट. पलीकडे शांतता. इंडिकेटर टिकटिकत होता.

"हॅलो?" तो म्हणाला. "आहेस ना?"

"अरे, हसतेय ना मी," ती धापा टाकत म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं माझ्या. काय तू पण."

६

माणूस स्वतःचा आवाज बाहेरून कमी आणि हाडांतून जास्त ऐकतो. कानवाला हे पेशंटांना नेहमी समजावून सांगायचा. तिला तिचं हसू आतून ऐकू येत असणार. मग तिला कळणार तरी कसं?

घरी कुणी नव्हतं. अण्णा शेजारी पत्ते खेळायला गेले होते. त्यानं गिटार काढली, फक्त बघायला. हे शेवटचं, असं स्वतःला बजावलं. दुसरी तार, वरच्या बाजूला, बोटानं ओढून. लगेच सापडलं. नाकातून निघून घशात अडखळणारं, दाबायला जावं तितकं वर येणारं. इतकं सुंदर की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि हात थांबेना. अण्णा परत आल्याची चाहूल लागली तेव्हा कुठे तो भानावर आला.

गिटार केसमध्ये गेली, केस कपाटावर गेली. तो वाट बघायला लागला. वाजवली नाही तर हळूहळू सगळं जागेवर येईल, हा विचार अगदी समंजस वाटत होता. रोज जेवताना तो काहीतरी विनोद करायचा आणि तिच्या खांद्यांकडे बघत बसायचा. खांदे हलायचे. डोळे मिटायचे. ताट-वाट्यांचा आवाज तेवढा यायचा.

"तू हल्ली माझ्याकडे असा काय बघतोस?" तिनं विचारलं.

तेव्हा त्यानं सांगून टाकलं. "तुझं हसू मला ऐकू येत नाही."

तिनं हातातला घास खाली ठेवला. "तुला? कानवाल्याला?" मग तोंडावर हात धरून तिनं मान मागे टाकली. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. "ऐक ना," शेवटी ती डोळे पुसत म्हणाली, "तपासून घे एकदा. कार्ड देऊ का कुणाचं?"

ती इतकी लख्ख समोर बसलेली असताना त्याला तिची आठवण येत होती. असं कुणाला सांगायची सोय नव्हती. दवाखान्यात पेशंट नसला की तो रेकॉर्डिंग लावून काटा बघत बसायचा.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात ते दोघं होते, गिटार विकणारा माणूस आणि त्याची बायको. तिच्या हातात त्याचं कार्ड होतं, घामानं मऊ पडलेलं. दवाखाना बंद दिसला म्हणून खालच्या दुकानात घर विचारत आले होते.

"ही ऐकत नाही," माणूस म्हणाला. "म्हणजे ऐकू येतं तिला. तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं. माझं ऐकत नाही."

बाई टेबलापाशी बसली. तिनं कानवाल्याकडे बघितलं आणि बोटाचं पेर टेबलावर ठोठावलं, दारावर ठोठावतात तसं, जोरात. टेबलावरचा चमचा हलला. तो शेजारच्या कपाला लागला आणि बारीक किणकिणला. बोटाचा आवाज आला नाही.

"आधी हसणं गेलं," माणूस म्हणाला. "मग रडणं. मग बोलणं. चालणंसुद्धा. मला वाटलं, घरातून लांब गेली की परत येईल सगळं. म्हणून गिटार विकली."

"आणि?"

माणसानं मान हलवली. "नाही आलं. आणि गिटारमधून यायचं तेवढंही आता घरात ऐकायला मिळत नाही."

७

बायको स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. कानवाला तिथे गेला आणि म्हणाला, जुने पेशंट आहेत, खासगी बोलायचंय, अण्णांना जरा बागेत फिरवून आणतेस का? ती काही न विचारता तयार झाली. अण्णांना चप्पल घालून दिली, गाडीची किल्ली घेतली. जिना उतरतानाची त्यांची पावलं त्यानं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. दोघांचीही. मग त्यानं दाराचं लॅच लावलं. लॅचचा खटका झाला का, हे त्याला आठवेना.

वाजवायची नाही असं ठरवून झालं होतं. पण समोर ती बाई दोन्ही हात मांडीवर जोडून बसली होती, आणि तिच्यासाठी म्हणून वाजवायला काय हरकत होती? घरात बाकी कुणी नव्हतं. विकणाऱ्यानंच तर सांगितलं होतं, एकटे असताना वाजवा. असा सगळा हिशोब त्यानं कपाटावरून केस उतरवता उतरवता केला. खरं एवढंच होतं, की त्यालाही ऐकायचं होतं.

तिच्यासाठी काय वाजवायचं ते त्याला शोधावं लागलं नाही. तिसऱ्या तारेवर बोट ठेवलं आणि ते वरच्या सुरांमधलं ओलसर, गळ्यातलं काहीतरी बाहेर आलं. पहिल्या दिवशी ज्याच्यावर तो भाळला होता, तेच. बाईनं डोळे मिटले. तिचे ओठ हलायला लागले, आणि सूर जसा वळत होता तसेच हलत राहिले, एकही जागा न चुकता. तिचा नवरा तोंड फिरवून खिडकीकडे बघत होता.

कानवाल्यानं आवाज वाढवला. आणि कुणी सांगितलं नसताना त्याचा हात दुसऱ्या तारेवर गेला. हसू आलं. खोली भरून आलं. कित्येक दिवस कोरड्या पडलेल्या माणसानं पाण्याखाली तोंड धरावं तसा तो वाजवत राहिला.

बाईनं डोळे उघडून त्याच्या मागे बघितलं म्हणून त्यानं मान वळवली.

दारात बायको उभी होती. दार सताड उघडं होतं. लॅच कधी निघालं, दार कधी उघडलं, काही कळलं नव्हतं. तिच्या मागे जिन्यात अण्णा कठड्याला धरून उभे होते. काहीतरी विसरलं असेल. अण्णांची टोपी, नाहीतर पाण्याची बाटली. तिचे ओठ हलले. पहिले दोन शब्द त्यानं नुसते बघून ओळखले, इतक्या वर्षांत ते हजारदा पाहिले होते. ऐक ना. पुढचं ओळखता आलं नाही.

गिटारचा आवाज मोठा होता. अॅम्प्लिफायर जवळजवळ पूर्ण उघडला होता. एवढ्या आवाजात दारातलं बोलणं कुणाला ऐकू येणार आहे? त्यानं स्वतःला हे सांगितलं, आणि हे असंच कुणी ना कुणी पेशंट आपल्या पेटीतून बाहेर येऊन रोज आपल्याला सांगत असतं, हेही त्याला आठवलं.

तिनं हातातली घराची किल्ली हलवून दाखवली, हिनंच दार उघडलं अशा थाटात. मग अनोळखी पाहुण्यांकडे, जमिनीवर पसरलेल्या वायरींकडे, त्याच्या रडवेल्या चेहऱ्याकडे बघून तिला हसू फुटलं. मान मागे गेली, खांदे हलायला लागले, आणि त्याच क्षणी त्याच्या बोटाखालून तिचं हसू बाहेर पडलं. खांदे आणि हसू, ओठ आणि आवाज, सगळं जागच्या जागी बसलं. किती दिवसांनी ती त्याच्यासमोर हसत होती. त्याला इतका आनंद झाला की तोही रडता रडता हसायला लागला.

पाहुणी बाई उठून उभी राहिली होती. ती त्याच्या बायकोकडे बघत होती, मग त्याच्याकडे, आणि दोन्ही हात हलवून पुरे, पुरे अशी खूण करत होती.

सूर विझत आला. थांबलं की कळणार होतं, तिचं बोलणं अजून ऐकू येतंय की नाही. दारात बायकोचं हसून संपलं होतं आणि ती पुन्हा काहीतरी बोलत होती, सावकाश, त्याच्या डोळ्यांत बघून, त्यानं नक्की ऐकावं अशा बेतानं. तिचे ओठ अजून हलत होते तोच त्यानं घाईघाईनं पुढचा सूर धरला.